पस्तावा आणि पालट

श्रोते हो, 'पश्चात्ताप' हा शब्द आपण मराठी माणसे फार सढळ हाताने वापरतो. घेतलेली जागा महाग पडली, पश्चात्ताप झाला. मित्राच्या मुलीच्या लग्नाला जायचे राहून गेले, पश्चात्ताप झाला. आदल्या दिवशी पंगतीत श्रीखंड जरा जास्त झाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाही होतो! असल्या किरकोळ कामांवर राबवलेला हा शब्द मराठी बायबलात मात्र फार गंभीर ठिकाणी येऊन उभा राहतो. बाप्तिस्मा करणारा योहान नावाचा संदेष्टा यार्देन नदीच्या काठी लोकांना जी पहिली हाक देतो, ती पश्चात्तापाची. या योहानाच्या उपदेशाविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. त्याने लोकांकडून नेमके काय मागितले, आणि आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो तेच ते होते काय, एवढाच प्रश्न आपण घेऊ.

प्रथम हा माणूस कोण ते पाहू. लूकच्या शुभवर्तमानात काळाचा निर्देश स्पष्ट आहे. तिबेरियस कैसराच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष, म्हणजे सुमारे इ. स. २८ किंवा २९. यहूदिया प्रांत रोमन सुभेदाराच्या हाताखाली होता, तर गालीलात हेरोद अंतिपा हा रोमचा मांडलिक राज्य करीत होता. योहान हा जखऱ्या नावाच्या याजकाचा मुलगा. याजकपण वंशपरंपरेने चालत असे. तेव्हा वडिलांप्रमाणे पाळी आली की यरुशलेमच्या मंदिरात सेवा करावी, मान घ्यावा, असे सरळ आयुष्य त्याच्यापुढे होते. ते सोडून हा माणूस रानात गेला. अंगात उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेला कातड्याचा पट्टा, खायला टोळ आणि रानमध. हा वेष पाहताच लोकांना जुना एलिया संदेष्टा आठवला असणार. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे. आज तुमचे काय चालले आहे आणि ते देवाला कसे दिसते, हे तोंडावर सांगणारा तो संदेष्टा.

आता शब्दाकडे वळू. 'पश्चात्ताप' या शब्दाची फोड सोपी आहे. पश्चात् म्हणजे मागाहून, आणि ताप म्हणजे होरपळ. कृत्य होऊन गेल्यावर मागाहून मनाला बसणारा चटका, तो पश्चात्ताप. म्हणजे या शब्दाची नजर मागे आहे. योहान ज्या परंपरेत वाढला तिच्यातला हिब्रू शब्द वेगळा आहे. त्याचा अर्थ आहे फिरणे, परतणे. वाट चुकलेला माणूस जिथे चूक कळते तिथे थांबतो आणि उलट पावली चालू लागतो, ते हे परतणे. त्यात चटका असेल, पण खरी गोष्ट आहे ती पायांची. पुण्याच्या लष्कर भागात, आपण ज्याला लाल देऊळ म्हणतो ते यहुदी बांधवांचे प्रार्थनामंदिर आहे, १८६७ साली पुरे झालेले. यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, कडकडीत उपास करून, दुपारच्या प्रार्थनेत योना संदेष्ट्याचे पुस्तक वाचण्याचा प्रघात आहे. निनवे शहराला योनाने नाशाची सूचना दिली, आणि सारे शहर, राजासुद्धा, आपल्या वाटेवरून मागे फिरले, ही ती कथा. आणि त्याच दिवसाबद्दल जुन्या यहुदी शास्त्रकारांचा दंडक असा की, देवाविरुद्धच्या पापाची फेड या दिवशी होईल. पण शेजाऱ्याचे वाईट केले असेल, तर आधी त्या शेजाऱ्याची समजूत घातली पाहिजे.

शुभवर्तमाने लिहिली गेली ग्रीक भाषेत. तेथे या परतण्याला शब्द योजला गेला 'मेटानोइया'. त्याचा अर्थ मन बदलणे, मनाचा पालट. ग्रीकमध्ये नुसत्या हळहळीसाठी दुसरा शब्द आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तो यहूदा इस्कार्योताला लावलेला आहे. त्याने येशूला पकडून दिले, मग मन खाऊ लागले, घेतलेली तीस नाणी परत नेऊन टाकली आणि गळफास लावून घेतला. त्याची होरपळ खोटी होती असे कोण म्हणेल? पण त्या होरपळीतून पुढे जाणारी वाट निघाली नाही. तेव्हा एक आहे पस्तावा आणि एक आहे पालट. मराठीत आपण दोन्ही एका शब्दात कोंबतो, आणि येथेच गोंधळ सुरू होतो.

योहानाला यातले काय हवे होते? सुदैवाने याचे उत्तर तर्काने काढण्याची गरज नाही. लोकांनी त्याला ते सरळ विचारले, आणि लूकने ते नोंदून ठेवले. मला स्वतःला हा भाग साऱ्या उपदेशात मोलाचा वाटतो. योहानाने झाडाच्या मुळाशी कुऱ्हाड लागली आहे असे सांगितले, लोक घाबरले, आणि त्यांनी विचारले की, मग आम्ही करावे तरी काय?

आता अशा वेळी रानातल्या तपस्व्याकडून आपली अपेक्षा काय असते? उपास सांगेल, जप सांगेल, घरदार सोडायला सांगेल. योहान यातले काही सांगत नाही. सामान्य लोकांना तो म्हणतो की, ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक, ज्याच्याजवळ नाही त्याला द्यावा, अन्नाचेही तसेच. मग जकातदार पुढे येतात. त्यांना तो सांगतो, ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक घेऊ नका. शेवटी शिपाई विचारतात. त्यांना उत्तर मिळते, दांडगाई करून कोणाचा पैसा उकळू नका, कोणावर खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात भागवा.

यातल्या जकातदारांचे उत्तर नीट समजायचे तर त्या धंद्याची रीत माहीत हवी. जकातीचा मक्ता दिला जात असे. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि नाक्यावर जमेल तेवढी वसूल करायची. मधली शिल्लक त्याची. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या अमलात मामलती अशाच मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, आणि अधिक बोली करणाऱ्याने ती रक्कम कोणाच्या पाठीवरून वसूल केली हे मराठी रयतेने चांगले अनुभवले. म्हणजे ठरल्याहून अधिक घेणे ही त्या धंद्यात एखाददुसऱ्या माणसाची लबाडी नव्हती. धंदा चालायचाच त्यावर. योहान त्या माणसांना नाका सोडून रानात या असे म्हणत नाही. नाक्यावरच बसा, पण हात आवरा, असे तो म्हणतो. मला वाटते, हे अधिक कठीण आहे. रानात गेलेल्या माणसाला मोह दूर असतो. नाक्यावर परतलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बैलगाडीवाला, तीच पोती आणि तीच संधी समोर दिसते.

तिन्ही उत्तरांत एक सूत्र आहे. पापाची जागा प्रत्येकाच्या रोजच्या व्यवहारात आहे, आणि पालटही तिथेच दिसला पाहिजे. शिपायाला अंगरख्याचे उत्तर देऊन भागले नसते. दान करून वर दांडगाई चालूच ठेवणारे शिपाई सर्व देशांत होऊन गेले. ज्या हाताने घेतले, तोच हात आवरला पाहिजे.

दुसरी गोष्ट कुळाची. आम्ही अब्राहामाचे वंशज, आमच्यावर संकट कसे येईल, ही पळवाट लोक काढणार हे योहानाने आधीच ओळखले. देवाच्या मनात आले तर तो या दगडांतूनही अब्राहामाला वंशज निर्माण करील, असे त्याने सुनावले. हे बोलणारा स्वतः याजकाच्या घराण्यातला, हे विसरू नये. कुळाचा टेंभा मिरवणे म्हणजे काय हे पुण्यात कोणाला समजावून सांगायला नको. पण पूर्वजांचे पुण्य हे वाड्यासारखे वारसाहक्काने येत नाही, हा मुद्दा तेथे जितका झोंबला असेल तितकाच तो कोणत्याही जुन्या शहरात झोंबेल.

आता नदीच्या पाण्याचा प्रश्न. योहान लोकांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देई, म्हणूनच त्याला ते नाव पडले. तर मग हेही एक प्रायश्चित्तस्नानच नाही का? याचे उत्तर ख्रिस्ती नसलेल्या एका इतिहासकाराने देऊन ठेवले आहे. जोसीफस हा पहिल्या शतकातला यहुदी लेखक. त्याने आपल्या इतिहासग्रंथात योहानाची हकीकत दिली आहे. तो सांगतो की, योहान लोकांना परस्परांशी न्यायाने आणि देवाशी भक्तीने वागायला शिकवीत असे. स्नानाने पापाची माफी मिळते असे तो म्हणत नसे. न्यायाच्या वागण्याने मन आधीच शुद्ध झालेले असावे, स्नान फक्त देहाच्या शुद्धीचे. म्हणजे पाणी मागून; वागणे आधी.

हा क्रम उलटला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण पुण्याच्याच इतिहासात आहे, आणि योगायोग असा की ते एका ख्रिस्ती मिशनात सुरू झाले. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर चहा-बिस्किटे पुढे आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले अशी मंडळी तेथे होती. कोणी चहा घेतला, कोणी नुसताच हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी ही नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गावात एकच गिल्ला झाला. ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी इतर काही मित्रांबरोबर प्रायश्चित्त घेतले. रानड्यांना एक पेला चहा म्हणजे पाप वाटत होते असे कोणी म्हणणार नाही. ते मित्रांसाठी त्या विधीला बसले, आणि त्याबद्दल त्यांच्या सुधारक स्नेह्यांनीच त्यांच्यावर टीका केली. येथे प्रायश्चित्त झाले. पस्तावा नव्हता, पालटही नव्हता. समाजाची समजूत पटली, एवढेच.

यावरून आपले धर्मशास्त्र निव्वळ विधीचे आहे असे मात्र कोणी समजू नये. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापापासून सुटण्याचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत केलेले उघड सांगणे आणि अनुताप हे आहेत. आणि पुन्हा तसे करणार नाही असा निश्चय करून थांबण्यालाही तेथे महत्त्व दिले आहे. शास्त्र जाणते, व्यवहार विसरतो. हे सर्व धर्मांत घडते, आणि ख्रिस्ती धर्मातही घडले.

त्याचे असे झाले. बाप्तिस्मा घेतल्यावर माणूस पुन्हा घसरला तर काय, हा प्रश्न पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना फार छळू लागला. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या माणसाने 'मेंढपाळ' नावाचा ग्रंथ लिहिला. हा एके काळचा गुलाम. त्याच्या ग्रंथात पश्चात्तापाचा देवदूत मेंढपाळाच्या वेषात येतो आणि सांगतो की, घसरलेल्यांना आणखी एक संधी आहे, पण एकच. पुढे या संधीचे नियम झाले, मुदती ठरल्या, विधी ठरले. पण हर्मासने दिलेला एक दाखला मात्र योहानाच्या अंगरख्यांची आठवण करून देणारा आहे. एल्म नावाच्या झाडाला खाण्याजोगे फळ येत नाही, पण द्राक्षवेल त्याच्यावर चढवतात. वेल जमिनीवर पसरली तर घड कुजतात. झाडाच्या आधाराने लगडतात. तेव्हा ते फळ झाडाचेही म्हटले पाहिजे. श्रीमंत हा ते झाड आणि गरीब ही ती वेल, असे तो म्हणतो. मांडवावर वेल चढवणाऱ्या आपल्या नाशिकच्या शेतकऱ्याला हा दाखला फोड करून सांगावा लागणार नाही.

आता उपदेशाचा शेवट. योहानाने शेतकऱ्याला, जकातदाराला, शिपायाला सांगितले, तेवढ्यावर तो थांबला असता तर कदाचित म्हातारा होऊन मेला असता. पण त्याने तोच नियम राजाला लावला. हेरोद अंतिपाने आपल्या हयात भावाची बायको हेरोदिया हिच्याशी लग्न लावले होते. हे तुला योग्य नाही, असे योहानाने राजाला सांगितले. राजाने त्याला तुरुंगात टाकले. पुढची कथा प्रसिद्ध आहे. वाढदिवसाची मेजवानी, हेरोदियेच्या मुलीचा नाच, मागशील ते देईन ही राजाची शपथ, आणि तबकात आणलेले योहानाचे शिर. जोसीफस वेगळे कारण देतो. योहानाच्या शब्दावर लोक इतके लोटत होते की राजाला बंडाची भीती वाटली, म्हणून त्याने मखैरसच्या किल्ल्यात त्याला मारले, असे तो म्हणतो. दोन्ही कारणे एकमेकांना खोडत नाहीत.

पण मार्काने लिहिलेली एक बारीक गोष्ट पाहा. मुलीची मागणी ऐकून राजाला फार वाईट वाटले. तो योहानाला मानीत होता, त्याचे बोलणे आवडीने ऐकत होता. तरी शपथ घातलेली, पाहुणे समोर बसलेले, म्हणून त्याने शिपाई धाडला. म्हणजे राजाला पस्तावा झाला, आणि तोही कृत्याच्या आधीच! पालट तेवढा झाला नाही. चार पाहुण्यांपुढे शब्द मागे घेण्याची लाज एका माणसाच्या जिवापेक्षा मोठी ठरली.

हे वाचताना पुणेकराला शनिवारवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वाड्यात खून झाला आणि राघोबादादा गादीवर आले. परंपरा अशी सांगते की, या पातकाला प्रायश्चित्त कोणते, असे दादांनी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांना विचारले, आणि देहान्त हेच प्रायश्चित्त, असा निर्णय शास्त्रीबोवांनी दिला. मग ते पद सोडून पुण्याबाहेर, वाईच्या बाजूला निघून गेले. बाजू बदलल्यावरच ते परतले. दादांना हवे होते ते काही दानधर्म, काही अनुष्ठान, म्हणजे गादीही राहील आणि पातकही जाईल. शास्त्रीबोवांनी ती सवलत नाकारली. जे घेतले ते हातात धरून ठेवून प्रायश्चित्त होत नाही, हेच यार्देनच्या काठी जकातदारांना सांगितले गेले होते.

राजे कधीच फिरत नाहीत असेही नाही. इ. स. ३९० मध्ये थेस्सलोनिकात एका सेनाधिकाऱ्याच्या खुनाचा सूड म्हणून रोमन सम्राट थिओडोसियसच्या हुकुमाने लोकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला पत्र लिहून कळवले की, तुमच्या उपस्थितीत मी प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. सम्राटाने राजचिन्हे उतरवून सर्वांसमक्ष प्रायश्चित्त केले. थिओडोरेट हा पाचव्या शतकातला इतिहासकार पुढे सांगतो की, मृत्युदंडाच्या हुकुमाची अंमलबजावणी तीस दिवस थांबवावी, म्हणजे राग निवल्यावर फेरविचार होईल, असा कायदाही अँब्रोजने त्याच्याकडून करवून घेतला. कथेतला हा तपशील मला अश्रूंपेक्षा मोलाचा वाटतो. ज्या हाताने हुकूम सोडला, त्या हाताला आवर घातला गेला.

एक शेवटचा प्रश्न उरतो. पश्चात्ताप करा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला? योहानाची कथा मराठी मुलखात फार पूर्वी पोचली. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, स्वर्गाला वैकुंठ म्हणणारी गोड मराठी. पण हे ज्या साष्टी प्रांतात लिहिले गेले, तेथली देवळे १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. स्टीफन्सच्या मराठीवरच्या प्रेमाबद्दल शंका नाही; त्या भाषेचे ऋण आपण मानलेच पाहिजे. तरी ज्या उपदेशकाच्या मागे किल्ल्याची तोफ उभी असते, त्याच्यापुढे वाकलेली मान मनाने वाकली की भीतीने, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. योहानाच्या मागे किल्ला नव्हता. त्याच्या वाट्याला आला तो किल्ल्यातला तुरुंग. म्हणून त्याच्याकडे आलेला माणूस आपल्या पायांनी आला, असे खात्रीने म्हणता येते.

उपदेश बहुधा वरून खाली वाहतो. सावकार कुळाला सांगतो, साहेब कारकुनाला सांगतो, आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतो. ज्याचे फारसे चुकलेले नसते त्यालाच पस्तावायला लावले जाते. योहानाने हा प्रवाह उलटा फिरवला. ज्याच्या हातात घेण्याची जितकी ताकद, तितका त्याला जाब कडक. दोन अंगरखेवाल्याला एक गोष्ट, नाक्यावरच्याला दुसरी, हत्यार बाळगणाऱ्याला तिसरी, आणि राजाला थेट त्याच्या घरातली.

तेव्हा श्रोते हो, पश्चात्ताप हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. तो चांगला जुना शब्द आहे, आणि चटका बसल्याशिवाय माणूस सहसा हलतही नाही. फक्त त्याच्या पुढे योहानाच्या श्रोत्यांनी विचारलेला तो साधा प्रश्न जोडून ठेवावा, की मग आता मी करू काय? आणि त्याचे उत्तर शोधायला फार दूर जाऊ नये. आपण रोज ज्या खुर्चीवर, ज्या गल्ल्यावर, ज्या टेबलाशी बसतो, तिथेच ते बहुधा वाट पाहत असते.